उपल आणि मणिराग

गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी, जो सध्यां दक्षिण ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडलेड शहरीं राहतो, मला भेटावयास आला. त्यानें कागदाच्या एका पुडींतून सुपारीएवढा एक खडा काढून माझ्यापुढें ठेविला. खडा काळाभोर होता. आणि त्या काळ्या भूमीवर हिरवे, निळे व तांबडे कण असे हालत होते कीं, मोरपिसाचा चुरा करून काजळांत कालविला असावा असें वाटावें. तो त्यानें आपल्या आईकरितां आणिला होता. अंगठी करण्यासाठीं तिनें तो एका पेढीवर दाखविला, तेव्हां पेढीवाल्यानें भिंग लावून पाहिलें आणि ‘हा साखरेंत शिजवून काळा केलेला खोटा माल आहे’ असें म्हणून परत केला. त्या दिवसापासून आई त्या खड्यास हात लावीना. विद्यार्थ्याचा प्रश्न साधा होता. ‘गुरुजी, रंग तर दगडाचेच आहेत, मग हा खोटा कसा?’ ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें वाचण्यांत आलें तें प्रस्तुत लेखांत मांडीत आहें. आपल्या जुन्या ग्रंथांतील दोन-तीन स्थळांचा अर्थ त्यामुळें मला अधिक स्पष्ट झाला, म्हणून तें त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करितों.

प्रथम एक गोष्ट निकालांत काढिली पाहिजे. ओपलचा विषय निघाला कीं इतिहासप्रेमी मंडळींत कोणी ना कोणी म्हणतोच कीं, ओपल हा शब्द संस्कृत ‘उपल’ शब्दापासून झाला, अर्थात् हें रत्न मूळचें आपलें. ह्या विधानाचा पूर्वार्ध बहुतेक भाषाशास्त्रज्ञांस मान्य आहे. उत्तरार्ध मात्र त्यांतून निघत नाहीं. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलांतील एका सूक्तांत कवि आपल्या घरच्या माणसांचे व्यवसाय सांगतो, तेथें आईचें काम सांगतांना हा शब्द येतो. आणि तेथें तो दळण्याचा दगड आहे. अमरानें तो द्वितीय काण्डाच्या शैलवर्गांत दगडधोंड्यांच्या नांवांबरोबर ठेविला आहे. रत्नांचीं नांवें वैश्यवर्गांत आहेत, तेथें नाहीं. मेघदूतांत विंध्याच्या पायथ्याशीं रेवा ज्या खडबडीत उपलांमुळें विखुरली जाते ते उपल म्हणजे नदींतले धोंडेच होत. उत्तरकालीन कोशकार ‘रत्न’ हाहि अर्थ देतात, पण तो सामान्य रत्न असा. अमुक एक रत्न असा नव्हे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत बावीस रत्नें नांवानिशीं सांगितलीं आहेत, त्यांत उपल नाहीं. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेंत किंवा गरुडपुराणांतील रत्नाध्यायांत एकाच खड्यांत अनेक रंग फिरतात असें ओपलचें निःसंशय वर्णन मला आढळलें नाहीं.

मग शब्द पश्चिमेकडे गेला कसा? ह्याचें उत्तर मला मराठींतच सांपडतें असें वाटतें. आपण रस्त्यावरच्या गोट्यास खडा म्हणतों आणि अंगठींतल्या हिऱ्यासहि खडाच म्हणतों. भडोचच्या बाजारांत एखाद्या व्यापाऱ्यानें ‘उपल’ म्हणजे नुसता ‘खडा’ अशा अर्थानें शब्द वापरला असेल, आणि परकी गिऱ्हाइकानें तें त्या विशिष्ट रत्नाचें नांव समजून नेलें असेल. हा माझा तर्क आहे व त्यावर एक आक्षेप मीच घेतों. बाजारांतली भाषा प्राकृत. आणि महाराष्ट्रींत ‘उपल’ चा ‘उवल’ होतो. ग्रीक व लॅटिन रूपांत ‘प’ जसाच्या तसा आहे. तेव्हां शब्द पकाराचा वकार होण्यापूर्वींच गेला, किंवा पकार राखणाऱ्या पालीसारख्या बोलीच्या तोंडून गेला, असें म्हणणें भाग आहे.

रोमन ग्रंथकार प्लिनी, जो इ. स. ७९ मध्यें व्हिसूव्हियसच्या उद्रेकाच्या वेळीं मृत्यु पावला, आपल्या निसर्गविषयक महाग्रंथाच्या सदतिसाव्या भागांत ओपलची जन्मभूमि एकटा हिंदुस्थान असें स्पष्ट म्हणतो. आपल्या अभिमानाचा सगळा भार ह्या वाक्यावर आहे. परंतु रोमन लोकांच्या हातीं जो ओपल येई तो आजच्या स्लोव्हाकियांत, प्रेशोव शहराजवळच्या डोंगरांतून येत असावा असें पुष्कळ विद्वान् मानतात. व्यापारी लोक मालाचें मूळ ठिकाण सांगत नसत हें तर सर्वकाळचें सत्य आहे. दख्खनच्या काळ्या खडकांतील पोकळ्यांत साधा, रंग न खेळणारा ओपल मिळतो, पण त्यासाठीं कोणी रोमन सरदार देशोधडीस लागला नसता. प्लिनीनेंच सांगितलेली गोष्ट अशी कीं, नोनियस नांवाच्या सभासदाजवळ हेझलनटएवढा एक ओपल होता. तो बळकावण्यासाठीं मार्क अँटनीनें त्यास अपराधी ठरविलें, तेव्हां सर्व मालमत्ता टाकून तो केवळ ती अंगठी घेऊन पळाला.

त्याच प्रकरणांत प्लिनी आणखी एक गोष्ट सांगतो, ती मात्र आपले अभिमानी लोक सहसा उद्धृत करीत नाहींत. हिंदुस्थानचे लोक कांचेचा नकली ओपल इतका हुबेहूब करतात कीं, तो उन्हांत धरूनच ओळखावा लागतो. खऱ्यांत रंग पालटत राहतात, खोट्यांत एकच रंग स्थिर दिसतो, अशी त्याची परीक्षा आहे. खरें रत्न आपलें म्हणावयाचें तर ही कीर्तिहि आपल्या पदरीं घ्यावी लागेल.

आतां अँडामूकाकडे वळूं. हें स्थळ अ‍ॅडलेडच्या उत्तरेस सुमारें ६०० किलोमीटरांवर, अत्यंत रुक्ष प्रदेशांत आहे. १९३० सालीं तेथील एका विस्तीर्ण पशुपालन-क्षेत्राच्या कुंपणाची राखण करणाऱ्या दोघां स्वारांस टेकडीवर ओपल दिसला आणि खाणींस आरंभ झाला. त्याच प्रांतांतील कूबर पेडीच्या खाणी १९१५ पासूनच्या. अँडामूकास ओपल दोन रूपांनीं मिळतो. एक निर्भेळ ओपल. राणी दुसरी एलिझाबेथ १९५४ सालीं तिकडे गेली असतां तिला २०३ कॅरट वजनाचा जो ओपल नजर करण्यांत आला तो ह्याच खाणींतला. दुसरें रूप म्हणजे ‘मॅट्रिक्स ओपल’. मॅट्रिक्स म्हणजे ज्या आधारशिलेंत रत्न जन्मतें ती शिला. येथें ती शिला फिकट व सच्छिद्र असून ओपल तिच्या रंध्रारंध्रांत झिरपलेला असतो. शिला कोणती आणि रत्न कोणतें हें वेगळें काढतां येत नाहीं. खाणींतून निघालेला असा दगड पांढुरका, मळकट दिसतो. पाण्यांत भिजविला तर क्षणभर रंगांची चमक दिसते, वाळला कीं गेली. असा माल हलका म्हणून गणला जाई.

चमक असून ती कां दिसत नाहीं हें समजण्यास ओपलच्या रंगाचें कारण थोडक्यांत सांगितलें पाहिजे. माणकाचा रंग माणकांतल्या द्रव्याचा असतो. ओपलचा तसा नाहीं. १९५३ सालीं बंगळूर येथें सर चंद्रशेखर वेंकट रामन व जयरामन यांनीं ओपलच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केले. हे रंग सूक्ष्म व नियमित रचनेपासून उत्पन्न होतात हें त्यांनीं ओळखलें, मात्र ती रचना एकावर एक पापुद्र्यांची असावी असें त्यांचें मत होतें. १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांत सँडर्स यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पाहून दाखविलें कीं, ओपलांत सिलिकेचे अत्यंत लहान गोलक लाडवांच्या राशीप्रमाणें ओळीनें रचलेले असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर त्यांतील सुमारें दीडशें ते साडेतीनशें भाग एवढाच एका गोलकाचा व्यास. त्या रांगांवरून प्रकाश परततांना त्याचे रंग वेगळे होतात. आतां ह्या रंगीत किरणांभोंवतीं फिकट शिला असेल, तर ती आपल्यावर पडलेला सर्व पांढरा प्रकाश परत फेंकते व त्या लखलखाटांत रंग बुडून जातात. दुपारच्या उन्हांत दिवाळीचे दिवे दिसूं नयेत तसें. शिला काळी असेल तर पांढरा प्रकाश ती गिळून टाकते व रंग तेवढे उरतात. न्यू साउथ वेल्स प्रांतांतील लायटनिंग रिज येथील काळा ओपल जगांत सर्वांत मोलाचा ठरला तो ह्याच कारणानें. तेथें अंधाऱ्या भूमीची सोय निसर्गानेंच केली आहे.

अँडामूकाचे लोक ही सोय हातानें करूं लागले. रीत अशी. दगड प्रथम हवा त्या आकाराचा घांसून जवळजवळ पुरा करावयाचा, कारण पुढें जो काळेपणा येतो तो फार खोल जात नाहीं. आधीं काळा करून मग घांसला तर आंतला पांढरा भाग उघडा पडतो. मग तो स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावयाचा, म्हणजे रंध्रें मोकळीं होतात. नंतर साखरेच्या दाट, कोमट पाकांत कित्येक दिवस ठेवावयाचा. पाक रंध्रांत शिरला कीं दगड बाहेर काढून, पुसून, तीव्र गंधकाम्लांत बुडवावयाचा आणि तें आम्ल हळूहळू तापवावयाचें. येथें रसायनाचें मर्म आहे. साखरेच्या एका रेणूंत कार्बनचे १२ परमाणु आणि पाण्याच्या ११ रेणूंस पुरेल इतका हायड्रोजन व ऑक्सिजन असतो. गंधकाम्ल पाण्याचें इतकें लोभी कीं, तें साखरेंतून तेवढें पाणी ओढून घेतें. मागें निव्वळ कोळसा राहतो, आणि तो दगडाच्या रंध्रांतच अडकून बसतो. ज्या ठिकाणीं ओपल घट्ट व अरंध्र असेल तेथें पाकच शिरत नाहीं, म्हणून तेथें कोळसाहि नाहीं. ह्यामुळें भूमि काळी होते आणि रत्न आहे तसें राहतें. शेवटीं आम्ल पूर्ण निवूं देऊन दगड काढावयाचा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत आंतलें उरलेलें आम्ल मारावयाचें, पुष्कळ धुवावयाचा आणि वरची झिलई द्यावयाची. हें काम घरीं करून पाहण्यासारखें नाहीं. तापलेल्या गंधकाम्लाची वाफ प्राणघातक आहे आणि त्यांत पाण्याचा थेंब पडला तर तें अंगावर उसळतें. अँडामूकाचा प्रत्येक दगडहि हा संस्कार घेत नाहीं. कांहीं इतके घट्ट असतात कीं, आठवडाभर पाकांत राहूनहि कोरडेच्या कोरडे.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कोशांत ‘उपल’ शब्दाचें स्त्रीलिंगी रूप ‘उपला’ असेंहि आहे, व त्याचा एक अर्थ शर्करा असा दिला आहे. शर्करा म्हणजे मूळ वाळूचे खडे, पुढें खडीसाखर. म्हणजे उपल उपलेंत शिजवितात असें म्हटलें तरी कोशकार आपल्यास अडविणार नाहीं. अर्थात् ह्या योगायोगावरून कोणी अँडामूकाचा शोध वेदांत लावूं नये.

दगडास गोड पदार्थांत शिजविण्याची रीत मात्र खरोखरच जुनी आहे. प्लिनी त्याच सदतिसाव्या भागांत सांगतो कीं, अरबस्तानांत एका जातीचे मोठाले खडक सांपडतात, ते सात दिवस व सात रात्री खंड न पाडतां मधांत शिजवितात, म्हणजे त्यांतील माती व दोष निघून जातात व मग कारागीर त्यांवर रेषा व ठिपके खुलवितात. ह्या खड्यांविषयीं ते निपजण्यापेक्षां बनविलेच जातात असा त्याचा शेरा आहे. सर्वच रत्नें मधांत उकळल्यानें उजळतात, त्यांतहि कॉर्सिका बेटाचा मध विशेष, असेंहि तो सांगतो. पुष्कळ पाश्चात्त्य लेखकांनीं ह्यावरून रोमन लोकांस अकीक काळा करण्याची युक्ति ठाऊक होती असें ठरविलें आहे. मला तें तितकें निर्विवाद वाटत नाहीं. प्लिनी मधाचें नांव घेतो, पण काळ्या रंगाचें घेत नाहीं. गंधकाम्लासारखीं तीव्र आम्लें तर रोमन काळीं ज्ञातच नव्हतीं. मधांत भिजलेला दगड पुढें आंचेवर धरला तर मध जळून कोळसा होईल हें खरें, आणि कारागिरांनीं तसें केलें असेलहि. पण ग्रंथकारास जें सांगितलें गेलें तें अर्धेंच होतें, किंवा त्यानें अर्धेंच लिहिलें. कारागीर आपली शेवटची पायरी पाहुण्यास दाखवीत नाहीं, हा अनुभव आपल्याकडेहि आहे.

मध किंवा साखर आणि गंधकाम्ल ही जोडी युरोपांत प्रसिद्ध झाली ती जर्मनींतील इडार व ओबरस्टाइन ह्या जुळ्या गांवांतून. तेथें अकीक कापण्याचा धंदा पूर्वींपासून होता. इटालियन कारागिरांनीं राखून ठेविलेली ही युक्ति १८१९ च्या सुमारास त्या गांवांत पोंचली आणि काळा ऑनिक्स म्हणून जो खडा घरोघर दिसूं लागला तो बहुतेक असाच रंगविलेला. अँडामूकाची रीत ह्याच रीतीची धाकटी बहीण आहे. कला तीच, फरक इतकाच कीं, इडारांत काळा रंग हेंच साध्य होतें, अँडामूकांत तो केवळ पडदा आहे आणि नाटक ओपलचें.

ह्या सगळ्यांत आपला संबंध येतो तो ओपलमुळें नव्हे, अकीकामुळें. पेरिप्लस ह्या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणाहून ऑनिक्स दगड पुष्कळ प्रमाणांत गाड्यांतून भडोचला येत असे असें लिहिलें आहे. म्हणजे गोदावरीकांठचा हा माल त्या बाजारांत ठाऊक होता. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांत, राजपिपळ्याजवळ रतनपूर व लिमोदरा येथें तांबड्या अकीकाच्या खाणी आहेत. तेथील दगड निघतो तेव्हां मळकट पिंवळा असतो. तो उन्हांत वाळवून, मातीच्या मडक्यांत भरून, शेणाच्या मंद आंचेंत रात्रभर भाजतात तेव्हां त्यास रक्तासारखा रंग येतो. मग तो खंबायतेस घांसला जातो. १८८० सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सहाव्या खंडांत हें सविस्तर आहे, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीझ बार्बोसा यानेंहि लिमोदऱ्याचा दगड आगीनें अधिक तांबडा होतो हें नमूद केलें आहे. ह्याचें कारण असें कीं, दगडांत लोखंडाचा पाणी धरून असलेला पिंवळा गंज असतो. आंचेनें त्यांतलें पाणी उडालें कीं तो तांबडा होतो. पाहावें तर अँडामूकांत आम्लानें साखरेंतलें पाणी काढिलें, रतनपुरांत अग्नीनें गंजांतलें पाणी काढिलें. दोन्ही ठिकाणीं कर्म एकच, जलहरण.

गरुडपुराणांत ‘रुधिराख्य’ नांवाच्या रत्नाचा एक लहानसा अध्याय आहे. हें रत्न म्हणजे तांबडा अकीक असें बहुतेक मानतात, आणि तें नर्मदेंत टाकिलें गेलें अशी त्याची उत्पत्ति तेथें सांगितली आहे, ती भूगोलाशीं जुळते. त्या वर्णनाच्या शेवटीं ‘पक्व’ असा एक शब्द येतो. पक्व झालें असतां त्याचा वर्ण तेजस्वी होतो असा आशय. भाषांतरकार ‘पिकलेलें’ म्हणजे खाणींत परिणत झालेलें असा अर्थ करितात. पण रतनपूरचीं मडकीं मनांत ठेवून वाचलें तर ‘भाजलेलें’ हा अर्थ अधिक सरळ लागतो. पच् धातूचा पहिला अर्थ शिजविणें हाच आहे, पिकणें दुसरा. निर्णय देण्याइतका आधार ह्या एका शब्दांत नाहीं, पण शंका घेण्याइतका निश्चित आहे.

शंका बळावण्याचें कारण त्याच पुराणांत, इंद्रनीलाच्या अध्यायांत आहे. तेथें म्हटलें आहे कीं, माणिक जितकी आंच सोसतें त्याहून इंद्रनील अधिक सोसतो. तथापि परीक्षेसाठीं किंवा गुण वाढविण्यासाठीं कोणतेंहि रत्न अग्नींत घालूं नये. कारण अग्नीचें प्रमाण न कळल्यास दाहाचे दोष उत्पन्न होऊन तें रत्न धन्यास, करणाऱ्यास आणि करविणाऱ्यास अशा तिघांसहि अनर्थकारक होतें. हा निषेध फार बोलका आहे. जें कोणी करीतच नाहीं त्याचा निषेध शास्त्र करीत नसतें. गुणवृद्धीसाठीं रत्नें आगींत घालणारे लोक होते, आणि घालविणारे धनीहि होते. शिवाय निषेधाचें कारण पाहावें. ‘असें रत्न खोटें होतें’ असें ग्रंथकार म्हणत नाहीं. ‘प्रमाण चुकलें तर बिघडतें’ असें म्हणतो. आक्षेप कपटाबद्दल नाहीं, अकौशल्याबद्दल आहे.

कपटाबद्दल काय म्हणावयाचें तें त्याच पुराणानें वज्राच्या प्रकरणांत वेगळें म्हटलें आहे. लोखंड, पुष्कराज, गोमेद, वैडूर्य, स्फटिक व कांच ह्यांपासून कुशल लोक हिऱ्याचीं ‘प्रतिरूपें’ करितात, म्हणून क्षार, ओरखडा व सहाण ह्यांनीं परीक्षा करावी. प्रतिरूप म्हणजे एका वस्तूस दुसऱ्या वस्तूचें सोंग देणें. दुसऱ्या बाजूस कामसूत्रांतील चौसष्ट कलांच्या यादींत ‘मणिरागाकरज्ञान’ ही एक कला आहे. ‘राग’ म्हणजे रत्नांचे नैसर्गिक रंग ओळखणें असाहि अर्थ कोणी करील. परंतु जयमंगला टीकेचा कर्ता यशोधर त्याचा अर्थ स्फटिकादि मणि रंगविण्याचें ज्ञान असा करितो व तें द्रव्यार्जनासाठीं आणि भूषणासाठीं असतें असें सांगतो. म्हणजे मणि रंगविणें ही एके ठिकाणीं कला, आंच देणें हें दुसरे ठिकाणीं जोखमीचें कर्म, आणि प्रतिरूप करणें ही तिसरीच गोष्ट. हे तीन कप्पे आपल्या पूर्वजांनीं वेगळे ठेविले होते, ते पेढीवाल्यानें ‘खोटा’ ह्या एका शब्दांत कोंबले. (रसरत्नसमुच्चयांत माणिक आम्लानें शुद्ध करावें इत्यादि जें रत्नशोधन आहे तें औषधासाठीं, त्याचा रंगाशीं संबंध नाहीं. हा घोटाळा मीहि प्रथम केला होता.)

श्रीशंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्राच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यांत, अगदीं वेगळ्या प्रसंगानें, संस्काराचे दोन प्रकार सांगितले आहेत. वस्तूंत गुण घालणें किंवा तिचा दोष काढणें. अँडामूकाचा दगड ह्यांपैकीं कोणत्या प्रकारांत बसतो ह्याचा मीं पुष्कळ विचार केला. रतनपूरचा अकीक सोपा आहे. बाहेरचें कांहींच आंत गेलें नाहीं, होतें तेंच उघडें झालें. अँडामूकांत मात्र साखर बाहेरची, तेव्हां कोळसाहि बाहेरचा. हें गुणाधान म्हणावें लागेल. पण त्या कोळशानें रंग दिला का? एकहि नाहीं. त्यानें फक्त शिलेचा पांढरा लखलखाट मारला. आपले जडावाचें काम करणारे सोनार खड्याखालीं डांक देतात. त्या चकचकीत पत्र्यानें खड्याचें तेज दुणावतें. डांकेचा खडा म्हणून कोणी तो खोटा ठरविल्याचें मीं ऐकलें नाहीं. किंमत मात्र डांक धरून करितात. अँडामूकाचा कोळसा ही रंध्रारंध्रांत पसरलेली काळी डांक आहे, एवढेंच माझें म्हणणें. हीच वस्तु कोणी लायटनिंग रिजचा काळा ओपल म्हणून विकली तर त्याच क्षणीं ती प्रतिरूप होते, दगडांत एका कणाचाहि फरक न पडतां. म्हणूनच आजच्या रत्नव्यापारांत असा संस्कार गिऱ्हाइकास सांगितलाच पाहिजे असा दंडक आहे. पेढीवाल्याची सावधगिरी योग्य होती, शब्द चुकला.

ओळखण्याची खूण अशी. दहापट भिंगाखालीं पाहिलें असतां संस्कार केलेल्या दगडांत मिऱ्याची पूड भुरभुरल्यासारखे सुटे काळे बिंदु दिसतात; निसर्गतः काळ्या ओपलांत काळेपणा एकसंध असतो.

दुसरीहि एक रीत आहे, ती आपल्या हस्तलिखित जमविणाऱ्या वाचकांस ओळखीची वाटेल. सच्छिद्र ओपल कागदांत गुंडाळून तापवितात. कागद जळून धूर व काजळी दगडांत शिरते. ही काळिमा फारच वरवरची असते, ओरखडा निघाला कीं आंतला फिकटपणा दिसतो. कांहीं वर्षांपूर्वीं एका विक्रेत्यानें मला एक सनद दाखविली होती. कागद सर्वत्र सारखा तपकिरी होता, घडीच्या आंतहि तितकाच. खरा जुना कागद कडांस व उघड्या अंगास अधिक पिकतो, घडीच्या आंत फिकट राहतो. ती सनद धुरावर धरलेली होती. मीं ती घेतली नाहीं. पण आरंभीं चार दिवस तिच्यावर टिपणें काढीत बसलों होतों, हें कबूल केलें पाहिजे. उलट पोथी लिहितांना चूक झाली तर तिच्यावर हरताळ फांसून वर शुद्ध अक्षर लिहितात, त्यास कोणी बनावट म्हणत नाहीं. दोन्ही ठिकाणीं कागदावर बाहेरचें द्रव्य चढलें. एके ठिकाणीं तें वय खोटें सांगण्यासाठीं, दुसरे ठिकाणीं पाठ नीट वाचतां यावा म्हणून.

आणि टिकाऊपणाविषयीं म्हणाल तर, ओपलच्या रंध्रांत बसलेला कोळसा व पोथीची काजळाची शाई हीं एकाच जातीचीं द्रव्यें. कार्बन उन्हानें विटत नाहीं. आपल्या संग्रहांतील चारशें वर्षांच्या पोथ्यांचीं अक्षरें आजहि काळीं आहेत तीं त्यामुळेंच.

विद्यार्थ्याच्या आईस मीं हें सर्व समजावून सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून विचारलें, ‘म्हणजे रंग त्याचे स्वतःचे ना?’ मीं होय म्हटलें. अंगठी आतां दुसरीकडे करावयास दिली आहे, आणि पुडीवर मीं ‘अँडामूका येथील मॅट्रिक्स ओपल, शर्कराम्लसंस्कृत’ असें लिहून दिलें आहे, म्हणजे पुढच्या पिढींत पुन्हां घोटाळा नको.

राहिला ‘पक्व’ शब्द. गरुडपुराणाच्या छापील प्रतींत रुधिराख्याच्या अध्यायाचा तो श्लोक बराच अशुद्ध वाटतो. ज्यांच्या संग्रहीं गरुडपुराणाच्या किंवा रत्नपरीक्षेच्या सुट्या हस्तलिखित प्रती असतील त्यांनीं तो श्लोक पाहून, तेथें ‘पक्व’ हाच पाठ आहे कीं दुसरा, आणि समासांत कोणा वाचकानें मडक्याचें, शेणाचें वा आंचेचें कांहीं टिपण केलें आहे काय, तें त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावें, अशी विनंति आहे.